शनवार तेल्यांच्या मुलखात हिटलरचे नाव

पनवेल तालुक्यातील ओवे हे गाव इतिहासाच्या ग्रंथांत शोधू गेल्यास सापडावयाचे नाही. खारघरच्या डोंगराच्या आसऱ्याने भातशेती करून राहिलेल्या कोकणातील शेकडो गावांपैकी ते एक. १९७० साली सिडको स्थापन झाली, नव्या मुंबईची आखणी झाली, आणि ह्या गावांच्या खाचरांवर पाहता पाहता खारघरचे टोलेजंग नगर उभे राहिले. शिकलेल्या, नोकरीपेशाच्या कुटुंबांनी येथे घरे घेतली, शाळा व महाविद्यालये निघाली. अशा ह्या सुशिक्षित वस्तीत, ओवे गावापासून हाकेच्या नव्हे तरी फेरफटक्याच्या अंतरावर, २००६ च्या ऑगस्ट महिन्यात एक नवे उपाहारगृह उघडले. त्याचे नाव ‘हिटलर्स क्रॉस’ असे होते. पाटीवर नाझींचे स्वस्तिक होते, आणि आत हिटलरची मोठी तसबीर लावली होती.

पुढे काय झाले ते पुष्कळांस आठवत असेल. मुंबईतील यहुदी समाजाने निषेध केला, इस्राएल व जर्मनी ह्या दोन्ही देशांच्या वकिलातींनी नापसंती दर्शविली, परदेशच्या वृत्तपत्रांत खारघरचे नाव छापून आले, आणि थोड्याच दिवसांत मालकाने नाव बदलले. नाव लोकांच्या लक्षात राहावे एवढाच आपला हेतू होता, कोणास दुखविण्याचा नव्हता, असे त्यांचे म्हणणे होते. हे म्हणणे खरे मानण्यास आम्हांस काही अडचण वाटत नाही. आणि खरी चिंतेची गोष्ट तीच आहे. द्वेषाने लावलेली पाटी उतरविता येते. परंतु ज्या नावाने साठ लक्ष माणसांचा, त्यांत सुमारे पंधरा लक्ष मुलांचा, जीव घेतला, ते नाव एका शिकलेल्या नगरात कोणाच्याही मनाला न टोचता पाटीवर चढू शकते, ह्याचा दोष एका दुकानदारावर टाकून मोकळे होता येत नाही. त्या पाटीखालून जाणारे येणारे आपण सारेच होतो, आणि आपण सारे शाळेत गेलेले होतो.

ह्या प्रसंगातील विसंगती पुरती कळण्यास तेथून तीन-एक कोसांवरील पनवेल शहरात जावे लागते. तेथे १८४९ साली बांधलेले बेथ एल नावाचे यहुद्यांचे प्रार्थनामंदिर आजही उभे आहे. अलिबाग, रेवदंडा व पेण येथेही अशीच मंदिरे आहेत. ती बांधणारा बेने इस्राएल समाज कोकणात केव्हा आला ह्याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. त्यांची स्वतःची परंपरा अशी सांगते की, दोन हजार वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले आणि त्यांतून वाचलेल्या सात जोडप्यांपासून हा वंश वाढला. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकऱ्यांनी त्यांस ‘शनवार तेली’ असे नाव दिले. ते मराठी बोलत. केहीम, रोहे, आपटे, पेण ह्या गावांवरून त्यांची केहीमकर, रोहेकर, आपटेकर, पेणकर अशी आडनावे पडली. आणि आपल्या धर्मग्रंथांतील कथांवर ते मराठीत कीर्तने करीत. ह्याच समाजातील डॉ. एलिजा मोझेस १९३७-३८ साली मुंबईचे महापौर होते. १९४८ नंतर पुष्कळ कुटुंबे इस्राएलास गेली, तरी तेथेही ‘मायबोली’ ह्या नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी चालविले.

आता काळाची एक जोडी वाचकांनी लक्षात घ्यावी. १९३८ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे एक बेने इस्राएल गृहस्थ नुकतेच मुंबईचे महापौरपद भूषवून गेले असताना, जर्मन सरकारने असा हुकूम काढला की, ज्या यहुदी पुरुषाचे नाव ऐकताच जात कळत नसेल त्याने आपल्या नावापुढे ‘इस्राएल’ व स्त्रीने ‘सारा’ हे नाव जोडलेच पाहिजे. जे नाव पनवेल-पेणच्या माणसाने पिढ्यान्‌पिढ्या आपखुशीने व अभिमानाने मिरविले, तेच बर्लिनच्या माणसाच्या कपाळी सरकारी शिक्का म्हणून मारले गेले. एका मुलखात शनिवारी घाणा बंद ठेवणे ही शेजाऱ्याने सहज ओळखून मान्य केलेली रीत ठरली, आणि दुसऱ्या मुलखात तीच ओळख मरणाचे कारण ठरली. हा फरक कशाने पडला, हा प्रश्न आमच्या मते यहुद्यांच्या नरसंहाराच्या शिक्षणाचा, ज्यास आज जगभर होलोकॉस्टचे शिक्षण म्हणतात त्याचा, गाभा आहे. आणि तो प्रश्न विचारण्यास पनवेलच्या मुलांइतकी सोयीची जागा क्वचितच कोणास लाभली असेल.

परंतु आपल्या घरांतून ह्या विषयाचे शिक्षण निराळ्याच रीतीने होत असते. शिस्तीच्या मास्तरांस मुले हिटलर म्हणतात. करड्या सासूस सून हिटलर म्हणते. दूरचित्रवाणीवर २०११ साली ‘हिटलर दीदी’ नावाची मालिका निघाली व घरोघर पाहिली गेली. येथवर थट्टा म्हणून सोडून देता येईल. पण दिवाणखान्यात राजकारणाची चर्चा रंगली की कोणी तरी वडीलधारे गृहस्थ सुस्कारा टाकून म्हणतात, “ह्या देशाला एखादा हिटलरच पाहिजे.” हे वाक्य आम्ही किती घरांत ऐकले आहे ह्याची मोजदाद नाही. म्हणणारा गृहस्थ क्रूर नसतो. त्याला गाड्या वेळेवर याव्यात, लाचखोरी थांबावी, रस्ते साफ असावेत एवढेच हवे असते. शेजारी बसलेला दहा वर्षांचा नातू मात्र त्यांतून एवढेच शिकतो की, हिटलर म्हणजे शिस्त. त्या धड्याची परीक्षा कधी होत नाही, म्हणून तो विसरलाही जात नाही.

ह्या समजुतीमागे एक जुने कारण आहे. हिटलर इंग्रजांचा शत्रू, आणि शत्रूचा शत्रू तो मित्र, असा हिशेब पारतंत्र्याच्या काळी अनेकांनी केला. तो हिशेब करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी हिटलरचे पुस्तक लक्षपूर्वक वाचले असावे. त्यांत त्याने हिंदी स्वातंत्र्याच्या चळवळीविषयी तुच्छताच व्यक्त केली आहे, आणि हिंदुस्थान दुसऱ्या कोणाकडे जाण्यापेक्षा इंग्रजांच्या हाती राहिलेला बरा, असा अभिप्राय दिला आहे. सुभाषबाबू १९४२ च्या मे महिन्यात त्याला भेटले तेव्हा त्यांनी ह्याच मजकुराविषयी आपली नाराजी त्याच्यापुढे मांडली होती. मराठी वाचकास हे सारे दुर्लभ आहे असेही नाही. वि. ग. कानिटकरांचे ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ हे पुस्तक कित्येक घरांच्या कपाटांत आहे, आणि अ‍ॅन फ्रँकची दैनंदिनीही मराठीत आलेली आहे. केंद्रीय अभ्यासक्रमाच्या नववीच्या इतिहासाच्या पुस्तकात नाझीवादावर एक स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले, ते वर्ष २००६. म्हणजे खारघरच्या पाटीचेच वर्ष. पुस्तक नव्हते म्हणून आपण शिकलो नाही, ही सबब यास्तव चालणार नाही.

मग शिकवावयाचे ते काय? आमचे उत्तर असे की, शेवट आधी शिकवू नये, पायऱ्या शिकवाव्या. सामान्यतः वर्गात एकदम वायुकोठड्यांचे वर्णन येते, मुले शहारतात, आणि हे कोणा राक्षसांचे कृत्य, आपल्यासारख्यांचे नव्हे, असा निर्वाळा स्वतःला देऊन घरी जातात. वस्तुतः आरंभ अगदी साधा होता. १९३३ साली जर्मनीत यहुदी पाच लाखांच्या घरात, म्हणजे लोकसंख्येत शेकडा एकाहूनही कमी होते. त्या वर्षी १ एप्रिलला त्यांच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला गेला. आठवड्याच्या आत त्यांस सरकारी नोकऱ्यांतून काढण्याचा कायदा झाला, आणि महिना संपण्यापूर्वी शाळा-महाविद्यालयांत त्यांची संख्या मर्यादित करणारा दुसरा कायदा आला. १९३५ साली नागरिकत्वाचे हक्क गेले व मिश्रविवाह गुन्हा ठरला. १९३८ साली नावे बदलावी लागली. ९ नोव्हेंबरच्या रात्री प्रार्थनामंदिरे जळाली, आणि त्याच आठवड्यात यहुदी मुलांस जर्मन शाळांचे दरवाजे कायमचे बंद झाले. १९४१ साली छातीवर पिवळा तारा आला. प्रत्येक पायरीवर काही कारकुनांनी कागद लिहिले, काही शिक्षकांनी हजेरीपटावरून नावे खोडली, आणि शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या.

सुशिक्षित वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावी अशी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. १९४२ च्या जानेवारीत बर्लिनजवळ वानझे येथील एका सुंदर बंगल्यात, युरोपातील समस्त यहुद्यांच्या संहाराची कामे वाटून घेण्यासाठी पंधरा अधिकारी जमले होते. त्यांपैकी आठजण विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी मिळविलेले होते. त्याआधी, १९३९ पासून, जर्मनीतीलच मतिमंद व मनोरुग्णांस ‘निरुपयोगी’ ठरवून मारण्याची जी योजना चालली, ती डॉक्टरांच्या सह्यांनी चालली. १९४१ च्या ऑगस्टपर्यंत तिचे सत्तर हजार बळी झाले होते. विद्या माणसास आपोआप चांगले करते, ह्या आपल्या मध्यमवर्गीय श्रद्धेस ह्याहून मोठा धक्का इतिहासात दुसरा नाही. मुलांस गुण मिळवावयास लावणाऱ्या प्रत्येक आईबापाने ही दोन उदाहरणे एकदा शांतपणे वाचावीत.

मराठी मुलांस शिकविताना दोन अडचणी अशा येतात की ज्या जर्मन किंवा फ्रेंच शिक्षकास येत नाहीत. पहिली स्वस्तिकाची. जे चिन्ह आपण दिवाळीत उंबरठ्याशी रांगोळीने काढतो, तेच त्या ध्वजावर कसे, असे मूल विचारणारच. त्यास रागे भरू नये. एक चिन्ह दोन ठिकाणी दोन अर्थांनी कसे वावरते, आणि आपले उंबरठ्यावरचे चिन्ह शुभ आहे म्हणून त्या ध्वजाखालील कृत्ये शुभ ठरत नाहीत, एवढे सरळ सांगावे. दुसरी अडचण ‘आर्य’ ह्या शब्दाची. तो शब्द आपला आहे ह्याचा आपणांस अभिमान वाटतो आणि नकळत वाटते की, त्या भांडणात आपण वरच्या बाजूस होतो. मॅक्समुल्लर साहेबांनी एकोणिसाव्या शतकातच बजावले होते की, आर्य हे भाषांचे नाव आहे. त्याचा रक्ताशी किंवा कवटीच्या आकाराशी काही संबंध नाही.

आणि ज्यास अजूनही वरच्या बाजूचा भ्रम असेल त्याने रोमा लोकांची भाषा ऐकावी. युरोपात ज्यांस जिप्सी म्हणत आले ते हे लोक सुमारे हजार वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून तिकडे गेले, हे त्यांच्या भाषेवरून सिद्ध झाले आहे. ते एक, दोन, तीन ह्यांस ‘येक, दुई, त्रिन’ म्हणतात. नाकास ‘नाख’, मनुष्यास ‘मनुष’, आणि पाण्यास ‘पानी’ म्हणतात. आर्य भाषा बोलणाऱ्या ह्या माणसांस आर्यत्वाचा डंका पिटणाऱ्या नाझींनी हीन ठरविले, आणि त्यांपैकी दोन ते पाच लाखांचा वध केला. १९४४ च्या २ ऑगस्टच्या रात्री ऑशविट्झच्या छावणीतील उरलीसुरली रोमा कुटुंबे, बायकामुलांसह, मारण्यात आली. त्या रात्री तहानलेल्या मुलांनी जो शब्द उच्चारला असेल तो ओवे गावच्या मुलास भाषांतरावाचून कळला असता. एवढे एक वाक्य वर्गात सांगितले, तरी हा युरोपचा इतिहास आपला का, हे निराळे सांगावे लागणार नाही.

ह्या विषयाची साधनेही महाराष्ट्रात जागोजाग पडलेली आहेत. १९३४ पासून मुंबईत यहुदी साहाय्य मंडळ निर्वासितांस मदत करीत होते. नाझींमुळे घरदार सोडून आलेल्यांत वॉल्टर कॉफमन हे संगीतकार होते. आकाशवाणीची प्रभातसमयीची जी ओळखधून पिढ्यान्‌पिढ्या आपण ऐकत आलो, तिचे श्रेय सामान्यतः त्यांस दिले जाते. लँगहॅमर, फॉन लायडन व श्लेझिंगर ह्या तिघा निर्वासित रसिकांनी पुढे हुसेन, रझा, आरा ह्यांच्या पिढीतील चित्रकारांस हात दिला. परंतु चित्राची दुसरी बाजूही आहे. १९३९ च्या सप्टेंबरात युद्ध सुरू होताच, हिटलरपासून जीव वाचवून आलेल्या ह्याच लोकांपैकी कित्येकांस, जर्मन प्रजाजन म्हणून, इंग्रज सरकारने त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, येथील छावणीत कोंडले. वर्ध्याहून २३ जुलै १९३९ रोजी गांधीजींनी हिटलरला युद्ध टाळण्याची विनंती करणारे पत्र लिहिले. ते सरकारने पुढे जाऊच दिले नाही. त्याआधी नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांनी जर्मनीतील यहुद्यांस सत्याग्रहाचा उपदेश केला होता, आणि मार्टिन बूबर ह्या यहुदी तत्त्वज्ञाने फेब्रुवारी १९३९ मध्ये त्यास सविस्तर व वेदनेने भरलेले उत्तर लिहिले. ही दोन्ही लिखाणे समोर ठेवून नववी-दहावीच्या मुलांस वाद करू द्यावा. निकाल शिक्षकाने देऊ नये.

कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, हेही मुलांस सांगावे. पण येथे नीट भेद करावा. ती बहुतेक कुटुंबे सोव्हिएत सत्तेने १९४०-४१ साली सैबेरिया व मध्य आशियाकडे हाकलून दिलेली होती. ती नाझी संहाराच्या छावण्यांतून आलेली नव्हती. सर्व दुःखांस एकच नाव देणे म्हणजे प्रत्येक दुःखाचे कारण शोधण्याचा आळस करणे होय. इतिहासाच्या शिक्षकास हा आळस शोभत नाही.

आता एक अप्रिय गोष्ट लिहिणे भाग आहे. ह्या विषयावर आपल्याकडे भाषण झाले की वक्ता शेवटी अभिमानाने सांगतो, आमच्या भूमीत यहुद्यांचा छळ कधी झाला नाही. हे बहुतांशी खरे आहे, आणि पनवेलचे मंदिर त्याची साक्ष देते. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या नरिमन हाउसमध्ये यहुद्यांचे जे रक्त सांडले, ते सीमेपलीकडून आलेल्या मारेकऱ्यांनी. परंतु हा अभिमान पुरा करण्यापूर्वी वक्त्याने त्याच जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या दक्षिणेस महाडला जाऊन यावे. १९२७ च्या २० मार्च रोजी डॉ. आंबेडकरांसमवेत ज्यांनी चवदार तळ्याचे पाणी प्याले, त्यांस त्याच दिवशी मारहाण झाली. ज्या कोकणाने परधर्मी तेल्याचा शनिवार सांभाळला, त्याच कोकणाने आपल्याच माणसाची ओंजळभर पाण्याची तहान सांभाळली नाही. ह्या दोन गोष्टींची तुलना नाझी कृत्यांशी करावी असे आम्ही म्हणत नाही. प्रत्येक अन्यायाचे माप निराळे असते. आमचे म्हणणे एवढेच की, एका शेजाऱ्याशी चांगले वागल्याचा दाखला दुसऱ्या शेजाऱ्याच्या बाबतीत उपयोगी पडत नाही. माणसास खालचा ठरविण्याची पहिली पायरी कोणती, हे ओळखण्यास जो शिकला, त्यास ती बर्लिनमध्ये दिसेल, आणि आपल्या आळीतही दिसेल.

अध्यापनाविषयी दोन शब्द. प्रेतांच्या राशींची छायाचित्रे लहान मुलांपुढे धरू नयेत. भय हे शिक्षण नव्हे, आणि मेलेल्यांचाही मान असतो. वर्गात काहींस नाझी व काहींस कैदी करून नाटुकली बसवू नयेत. असे खेळ मुलांस दुःख समजावून देत नाहीत, फक्त अभिनयाची हौस पुरवितात. संख्येपेक्षा माणूस सांगावा. यरुशलेममधील याद वाशेम ह्या संस्थेने मृतांची एकेक करून पन्नास लाखांच्या आसपास नावे गोळा केली आहेत. ती शिक्षकांसाठी निरनिराळ्या देशांच्या लोकांस बोलावून अभ्यासवर्गही चालविते. अमेरिकेत १९९४ साली निघालेल्या एका प्रतिष्ठानाजवळ वाचलेल्यांच्या पन्नास हजारांहून अधिक मुलाखती नोंदवून ठेवलेल्या आहेत. वॉर्सातील इमॅन्युएल रिंगेलब्लूम ह्या इतिहासकाराने व त्याच्या सोबत्यांनी, आपण जगणार नाही हे ओळखून, कोंडवाड्यातील जीवनाचे कागद जमविले आणि दुधाच्या कॅनांत व पेट्यांत घालून पुरले. त्यांचे काही भाग १९४६ व १९५० साली खणून काढण्यात आले. मरणाच्या दारात उभे राहूनही इतिहास लिहून ठेवावासा का वाटला, ह्यावर एक तास चर्चा केली तर इतिहास हा विषय कशासाठी असतो हे मुलांस आयुष्यभर विसरावयाचे नाही.

कोणी म्हणेल, अभ्यासक्रमाचे ओझे आधीच जड, त्यांत परक्यांचे दुःख कशास? त्यावर आमची सूचना अगदी थोडक्या खर्चाची आहे. संयुक्त राष्ट्रांनी २००५ साली ठराव करून २७ जानेवारी हा ह्या नरसंहाराचा स्मरणदिन ठरविला. १९४५ साली त्या दिवशी ऑशविट्झची छावणी मुक्त झाली होती. आपला प्रजासत्ताक दिन त्याच्या आदल्या दिवशी येतो. २६ जानेवारीस पनवेल, खारघर व ओवे येथील शाळांत झेंडावंदन होते, राज्यघटनेची उद्देशिका म्हटली जाते, आणि खाऊ घेऊन मुले घरी जातात. दुसऱ्या दिवशी शाळा भरेल तेव्हा इतिहासाच्या शिक्षकाने एक तास मागून घ्यावा. काल म्हटलेल्या समतेच्या व बंधुतेच्या शब्दांवाचून एका सुशिक्षित राष्ट्राचे बारा वर्षांत काय झाले, ते पायरीपायरीने सांगावे; आणि जमल्यास मुलांस पनवेलच्या त्या जुन्या मंदिरापर्यंत नेऊन, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या शेजाऱ्यांची गोष्ट तेथे उभे राहून सांगावी.

ती मुले संध्याकाळी घरी येतील. दिवाणखान्यात चर्चा चाललेली असेल, आणि कोणी वडीलधारे सवयीने म्हणतील की, ह्या देशाला एखादा हिटलरच पाहिजे. त्या वेळी त्या घरातील एखाद्या मुलाने अदबीने, पण न कचरता, “आजोबा, असे म्हणू नका,” एवढे म्हटले, तर तो तास कारणी लागला असे आम्ही समजू.